शाहीनच्या लोणच्याचं लेबल

शाळेत आईला ‘मॅडम’ म्हणायचं, हा नियम आईनंच घातला होता. विद्यानगरातल्या आमच्या घरापासून शाळा चालत पंधरा मिनिटांवर. आम्ही दोघी बरोबर निघायचो, तिच्या खांद्याला कापडी पिशवी, माझ्या पाठीला दप्तर. कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्यापर्यंत ती माझी आई असायची. माझी वेणी घट्ट आहे का ते बघायची, डब्यात काय दिलंय ते सांगायची. शाळेचं फाटक दिसलं की तिची चाल बदलायची. ती दोन पावलं पुढे जायची आणि मी दोन पावलं मागे राहायचे. आत गेल्यावर ती बिदरकर मॅडम, गृहविज्ञानाच्या शिक्षिका, आणि मी हजेरीपटावरची सदतिसावी मुलगी. घरी ती माझी, शाळेत सगळ्यांची, अशी वाटणी मी मनाशी करून ठेवली होती आणि आठवीपर्यंत ती मला फारशी टोचलीही नाही. मी एकुलती एक. कुणाबरोबर काही वाटून घ्यायची मला सवयच लागली नव्हती, हे नववीत कळलं.

घर दुसऱ्या मजल्यावर होतं. सकाळी खालच्या घरातल्या टीव्हीवर तेलुगू भजनं लागायची आणि त्यांच्या तालावर आईच्या भाकरी थापल्या जायच्या, असं मला वाटायचं. बाबा सिकंदराबादला रेल्वेच्या कचेरीत होते. आठची बस गाठायची म्हणून ते उभ्यानंच चहा प्यायचे आणि दारातून मला ‘वृंदा, येतो गं’ म्हणून जिना उतरायचे. रविवारी येसराची आमटी व्हायची. येसर म्हणजे गहू, डाळी, धने, मिरच्या भाजून दळलेलं पीठ. त्याची आमटी उकळायला लागली की वास जिन्यापर्यंत जायचा. सोबत ज्वारीचे धपाटे, वर लोण्याचा गोळा. आमची चौथी पिढी हैदराबादेत, त्यामुळे बोलण्यात ‘हौ’ आणि ‘नक्को’ सहज यायचं. पुण्याचे पाहुणे हसायचे. मराठी वाचायला तर मी फार उशिरा शिकले. हे लिहितानाही एखादा ऱ्हस्व-दीर्घ चुकतो, आणि तो चुकलाय हे मला कळतही नाही.

आईनं लग्नाआधी आहारशास्त्रात पदवी घेतली होती. तिला पुढे प्रयोगशाळेत काम करायचं होतं. मग लग्न झालं, मी झाले, आणि घराजवळची शाळा मिळाली. त्या आधीच्या आयुष्यातली एकच वस्तू आमच्या घरात होती, ती म्हणजे अन्नपदार्थांच्या पोषणमूल्यांच्या तक्त्यांचं एक जाडजूड पुस्तक. तपकिरी कागदाचं कव्हर, कोपरे मऊ पडलेले, समासात पेन्सिलीनं आईच्या नोंदी. तांदळापासून शेवग्याच्या पानापर्यंत कशात किती प्रथिनं, किती चरबी, किती लोह, सगळं त्यात होतं. ओल्या हातानं त्याला शिवायचं नाही, अशी ताकीद होती. बाबा म्हणायचे की मी अंक ओळखायला त्याच पुस्तकावर शिकले, आईच्या मांडीवर बसून. मला ते आठवत नाही, पण ते खरं आहे असं मी धरून चालले होते. ते पुस्तक मी आपलंच समजत होते.

नववीच्या पहिल्या सहामाहीत आईनं मुख्याध्यापिकांकडून शनिवारचे दोन तास मागून घेतले. मुलींना खाण्याच्या पाकिटावरचं लेबल वाचायला आणि मग स्वतः तयार करायला शिकवायचं, असं तिच्या मनात होतं. पहिल्या शनिवारी तिनं सगळ्यांना घरून रिकामी पाकिटं आणायला सांगितली. बिस्किटांची, चिप्सची, शेवेची अशी साठ-सत्तर पाकिटं टेबलावर पडली आणि वर्गात तेलकट वास सुटला. घटक कुठल्या क्रमानं लिहितात, शंभर ग्रॅममागे किती आणि एका वाढणीमागे किती, हे ती फळ्यावर समजावत होती. एका बिस्किटांच्या पुड्यावर ‘एक वाढणी म्हणजे तीन बिस्किटं’ असं लिहिलं होतं. तेवढ्यात मागच्या बाकावरून एक हात वर झाला.

“मॅडम, ये तीन बिस्किट कौन तै करते?” ती मुलगी उभी राहून म्हणाली. “हमारे घर में तो पूरा पुडा एकीच जना खा लेता.”

मुली हसल्या. आई हसली नाही. खडू हातात तसाच धरून ती त्या मुलीकडे बघत राहिली. तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी त्याआधी पाहिलंच नव्हतं, म्हणजे माझ्यासाठी आलेलं पाहिलं नव्हतं. कुणीतरी फार दिवसांनी तिच्या भाषेत तिच्याशी बोलावं, तसं काहीतरी. “तुम्हारा नाम क्या है?” तिनं विचारलं. त्या वर्षी नवीन आलेली मुलगी होती ती. शाहीन. मग पुढचा अर्धा तास आई फक्त त्या तीन बिस्किटांवर बोलली. कंपनी वाढणी लहान का दाखवते, आकडा खरा असूनही वाचणारा कसा फसतो. मला विषय कळत होता. पण मी ऐकत नव्हते. मी शाहीनकडे बघत होते. सावळी, किडकिडीत, तेल चोपडलेले केस, ओढणीला एका टोकाला हळदीचा डाग. हिच्यात काय आहे, असं मी मनात म्हणत होते.

शाहीन सुलतान बाजारच्या मागच्या गल्लीत राहायची आणि बस बदलून यायची. वडील आखातात नोकरीला. घरी अम्मी आणि नानी. अम्मी टोमॅटोचं लोणचं करून ओळखीच्या घरांना विकायची, आणि बाजारातला एक दुकानदार ते ठेवायला तयार झाला होता, पण बाटलीवर नीट लेबल हवं म्हणाला होता. म्हणजे आम्ही बाकीच्या मुली गुणांसाठी लेबल करत होतो आणि शाहीन खऱ्या बाटलीसाठी. हे कळल्यावर आईचा उत्साह दुणावला. शनिवारचे दोन तास पुरेनात. तिनं शाहीनला रविवारी घरी बोलावलं.

रविवार माझा होता. त्या दिवशी आई न्हालेले केस मोकळे सोडून ओट्याशी उभी असायची आणि मी तिच्या मागे पाटावर बसून तिला काहीबाही सांगत असायचे. आता त्या पाटावर शाहीन बसू लागली. आईनं तराजू काढला. टोमॅटो, चिंच, लसूण, मेथी, तिखट, तेल, मीठ, सगळं कच्चं तोलायचं, मग पदार्थ करायचा, आणि गार झाल्यावर पुन्हा तोलायचा. “दुबारा कायकू तोलना?” शाहीननं विचारलं, आणि आई म्हणाली, “पकते पकते पानी उड जाता. नमक नहीं उडता. जितना डाला, उतनाच नमक कम माल में आ जाता.” शाहीननं ते ऐकून भुवया उंचावल्या आणि वहीत लिहून घेतलं. आई माझ्याकडे वळून म्हणाली, “बघ, किती पटकन धरते.” मी म्हटलं, “हौ.”

माझा पदार्थ येसर होता. मी तो जीव तोडून केला होता. सतरा घटक, प्रत्येकाचे आकडे, बेरजा तीनदा तपासलेल्या. मी कागद आईपुढे ठेवला तेव्हा शाहीन धपाटे खात होती आणि विचारत होती, “इसको क्या बोलते, मॅडम?” आई तिच्याकडून ‘धपाटे’ म्हणवून घेत होती. शाहीन ‘दपाटे’ म्हणायची आणि दोघी हसायच्या. आईनं माझ्या कागदावरून नजर फिरवली. “बरोबर आहे,” ती म्हणाली आणि कागद बाजूला ठेवला. शाहीनच्या कागदावर मात्र लाल शाईची नुसती रांगोळी होती. इथे गुणाकार चुकलाय, इथे दशांश चिन्ह सरकलंय, हे असं का केलंस, छान सुचलं तुला. माझं बरोबर होतं म्हणून मला दोन शब्द मिळाले आणि तिचं चुकत होतं म्हणून तिला आख्खी दुपार मिळाली. आज मी स्वतः शिकवते, त्यामुळे ज्याचं चुकतं त्याच्याजवळ शिक्षक जास्त वेळ बसतो, हे मला माहीत आहे. चौदाव्या वर्षी मला एवढंच दिसत होतं की आई तिच्याकडे झुकून बसली आहे आणि आईच्या केसांचं पाणी तिच्या वहीवर पडतंय.

तिसऱ्या रविवारी निघताना शाहीन म्हणाली की घरी जाऊन तिला पुन्हा एकदा सगळं पडताळायचंय. आईनं कपाट उघडलं आणि तपकिरी कव्हरचं ते पुस्तक काढून तिच्या हातात दिलं. “संभाल के ले जाना,” एवढंच म्हणाली. शाहीननं ते दोन्ही हातांनी घेतलं, ओढणीत गुंडाळलं. मी दारात उभी होते. मला पुस्तकाची गरज नव्हती, माझं काम संपलं होतं. तरी शाहीनला वाट द्यायला मी दारातून हलले नाही. आई म्हणाली, “काय झालं गं? तोंड का असं?” मी म्हणाले, “डोकं दुखतंय.” तिनं माझ्या कपाळाला हात लावला. मी तो बाजूला केला.

पुस्तक आठवड्यानं परत आलं, कोपरा न् कोपरा शाबूत. मला ते फाटून यायला हवं होतं.

सगळ्यांची लेबलं शाळाशाळांच्या एका प्रदर्शनात मांडायची होती, तिथे परीक्षक आणि बक्षिसं होती. त्या प्रदर्शनाच्या आधीच्या रविवारी लेबल पक्कं लिहायचं होतं. वरच्या भागात शाहीननं उर्दूत लोणच्याचं नाव लिहिलं, सुंदर वळणाचं. खालचा इंग्रजी तक्ता कुणी लिहायचा, हा प्रश्न आला. “वृंदा लिहील,” आई म्हणाली. “तिचं अक्षर छापल्यासारखं आहे.” कौतुकच होतं ते. पण मला ऐकू आलं ते असं की अक्कल शाहीनची आणि हमाली वृंदाची. मी काळं पेन आणि पट्टी घेऊन बाहेरच्या खोलीत बसले. त्या दोघी आत ओट्याशी चमच्यात लोणचं घेऊन एक वाढणी तोलत होत्या. तराजूची तबकडी वाजत होती, शाहीन काहीतरी सांगत होती आणि आई हसत होती, पोटातून, श्वास अडकेपर्यंत. मी ऊर्जा लिहिली, प्रथिनं लिहिली, चरबी लिहिली. मग सोडियमची ओळ आली. शाहीनच्या कागदावर, आईनं बरोबरची खूण केलेल्या आकड्यात, एका चमच्यामागे चारशे सत्तर मिलिग्रॅम होते. मी चार लिहिला, सात लिहिला, आणि पेन उचललं.

चुकून झालं असं मी कधीच म्हणू शकले नाही, कारण पेन उचलल्यावर मी थांबले होते. शून्याची जागा कोरी दिसत होती. माझ्या डोक्यात सरळ विचार होता, परीक्षक हे पकडतील, शाहीनला सगळ्यांसमोर विचारतील, तिला उत्तर देता येणार नाही, आणि आईला कळेल की ही मुलगी काही एवढी हुशार नाही. मी मिलिग्रॅमची अक्षरं सत्तेचाळीसला चिकटवून लिहिली आणि पुढच्या ओळीवर गेले. आई हात पुसत बाहेर आली. शाहीन म्हणाली, “मॅडम, एक बार चेक कर लेते?” आईनं लेबल उचललं, लांबून पाहिलं आणि म्हणाली, “वृंदा के हाथ का है. चेक करने की जरूरत नहीं.”

त्या क्षणी मी बोलू शकले असते. आईनं माझ्यावर एवढा विश्वास टाकलेला मी पहिल्यांदाच ऐकत होते. मी पेनाला टोपण लावलं.

प्रदर्शन सिकंदराबादच्या एका शाळेच्या सभागृहात होतं. आई आमच्या शाळेच्या चार टेबलांमध्ये धावपळ करत होती. शाहीनच्या टेबलाशी परीक्षक आले तेव्हा आई तिथे नव्हती, मी होते. चष्मा कपाळावर चढवलेले एक वयस्क प्राध्यापक होते. त्यांनी लेबल वाचलं, बोट सोडियमच्या ओळीवर ठेवलं.  “लोणचं असून इतकं कमी?” ते म्हणाले. “छान. आरोग्याचा विचार करून मीठ घातलंय.” त्यांनी लोणचं चाखलं नाही. शाहीन गोंधळून हसली आणि तिनं मान हलवली. दुपारी निकाल लागला. शाहीनला पहिलं बक्षीस. आईनं तिला भरल्या सभागृहात जवळ घेतलं. मी टाळ्या वाजवल्या. तळवे लाल होईपर्यंत वाजवल्या, म्हणजे कुणाला काही दिसू नये.

शाहीननं लेबलाच्या झेरॉक्स काढल्या. अम्मीनं बाटल्या भरल्या, दुकानदारानं फळीवर मांडल्या. हे सगळं ती मला वर्गात सांगायची, कारण तक्ता मी लिहिला म्हणून आता मी तिची मैत्रीण होते. एक दिवस ती म्हणाली, “नानी इत्ते खुश है ना, पूछू नको. डॉक्टर बीपी के वास्ते अचार बंद करे थे. अब्बी मै लेबल दिखाई. रोज दो चमचे खा रे, दाल-खाने के साथ.” मी म्हणाले, “अच्छा.” घरी येताना इस्त्रीवाल्यापाशी आई काहीतरी बोलत होती. मी तिला सांगायचं ठरवलं होतं. कोपरा आला, जिना आला, दार आलं. मी सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. त्या दहा-बारा दिवसांत मी लोणच्याचा विचार न करता एकही घास खाल्ला नाही आणि तरी तोंड उघडलं नाही. एकदा खोटं लिहिलं ते रागानं. नंतरची चुप्पी मात्र थंड डोक्यानं होती, आणि मला आजही तिचीच जास्त लाज वाटते.

मग शाहीन तीन दिवस शाळेत आली नाही. चौथ्या दिवशी आली ती डोळे सुजलेली. मधल्या सुटीत आईनं तिला जवळ बोलावलं. नानीला चक्कर आली होती, पायांवर सूज चढली होती, दवाखान्यात ठेवलं होतं. रक्तदाब खूप वाढला होता. “अब घर लाये, मॅडम. डॉक्टर पूछे, खाने में क्या बदला? अम्मी बोले, कुछ नै बदला.” मी खांबाच्या आड होते. अम्मींना ते सुचलंच नव्हतं, कारण लेबलावर आकडा छोटा होता.

घरी आल्यावर आईनं चहाचं आधण ठेवलं. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिले आणि म्हणाले, “आई, शाहीनच्या लेबलावर सोडियम चुकीचं आहे. चारशे सत्तरचं मी सत्तेचाळीस लिहिलं.”

आईनं गॅस बंद केला. तिनं कपाटातून शाहीनचा कच्चा कागद काढला, बघितला. मग माझ्याकडे वळली. “शून्य राहून गेलं का गं?” ती म्हणाली. आवाज मऊ होता. ती मला वाट काढून देत होती. हो म्हटलं असतं तर ते तिथेच मिटलं असतं. तिनं मला क्षमा केली असती, शाहीनला कळवलं असतं, बस.

“नाही,” मी म्हणाले. “मुद्दाम.”

आई पाटावर बसली. ज्या पाटावर शाहीन बसायची त्याच.  मग म्हणाली, “का, ते मला कळलं नाही असं नाही. दिसत होतं मला. वाटलं, जाईल आपोआप.” उठून तिनं चप्पल घातली. “चल.”

सुलतान बाजारपर्यंत बसमध्ये आम्ही शेजारी बसलो होतो. ती खिडकीबाहेर बघत होती. कापडाच्या दुकानांच्या रांगेतून, पुस्तकांच्या ढिगांना वळसा घालून आम्ही गल्लीत शिरलो. दाराशीच लसणाचा आणि मोहरीचा वास आला. शाहीनच्या अम्मींनी लगबगीनं खुर्ची पुसली. नानी तख्तावर पडून होत्या, पायांखाली उशी. आईनं बसण्याआधीच सांगितलं, “मेरी बेटी को कुछ बोलना है.” आणि गप्प झाली. मला वाटलं होतं ती सुरुवात करून देईल. तिनं दिली नाही.

मी सांगितलं. माझं दखनी अडखळत होतं. लेबल मी लिहिलं, नमक का आकडा मैने गलत लिखा, जानबूझ के लिखा. अम्मींचा हात तोंडावर गेला. त्या ओरडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, “मै उसी कागज पे भरोसा करी ना, बेटा.” मी अजून ते वाक्य झोपेत ऐकते. आई म्हणाली, “लेबल मैने चेक नहीं किया. गलती मेरी भी है.” तेवढ्यात नानी उशीवरून हलक्या हसल्या. “मेरी जबान तो बोल रई थी, नमक बराबर है करके,” त्या म्हणाल्या. “मै जबान की नै सुनी. कागज मीठा बोल रा था.” मग माझ्याकडे बघून, “अब्बी रोना नक्को.” लोणच्यामुळेच सगळं झालं, असं डॉक्टर नंतरही म्हणाले नाहीत. वय होतं, औषधं चुकत होती. मला मात्र त्या ‘कदाचित’मधून कधीच सुटता आलं नाही.

 शाहीन आत गेली, दुकानात पाठवायच्या म्हणून घरात भरून ठेवलेल्या बाटल्या तिनं पाण्याच्या घमेल्यात एकेक आडव्या ठेवल्या आणि ओलं झालेलं लेबल नखानं खरवडायला लागली. मी तिच्यासमोर उकिडवी बसले आणि दुसरी बाटली घेतली. माझं छापल्यासारखं अक्षर पाण्यात फुगत होतं, सुटून येत होतं. चार-पाच बाटल्या झाल्यावर तिनं मान वर न करता विचारलं, “कायकू करी?”

“मेरे अम्मी तुमकू जैसा देखते,” मी म्हणाले, “मेरेकू वैसा नै देखते.”

तिनं खरवडणं थांबवलं. बाहेरच्या खोलीत आईचा आवाज येत होता, ती अम्मींना औषधांच्या वेळा विचारत होती. शाहीन म्हणाली, “मॅडम स्कूल छूटे बाद तेरे साथीच जाते ना घर को?” आणि पुन्हा बाटलीला लागली.  तिच्या अम्मीकडे तिच्याजवळ बसायला वेळ नसायचा हे मला तिच्याच बोलण्यातून माहीत होतं. एकटी बाई दिवसभर चुलीशी. वडील दोन वर्षांतून एकदा दिसायचे.

शाहीननं बक्षिसाचं प्रमाणपत्र स्वतःहून परत केलं. आई तिच्याबरोबर जाऊन त्या शाळेत खरं काय ते सांगून आली, माझं नाव घेऊन. नवीन लेबल शाहीननं आपल्या वाकड्यातिकड्या अक्षरात लिहिलं, आणि अम्मींनी मीठ कमी करून पाहिलं तर लोणचं टिकेना, म्हणून शेवटी लेबलावर एक वाढणी अर्ध्या चमच्याची केली आणि ‘बीपी असणाऱ्यांनी खाऊ नये’ अशी ओळ उर्दूत आणि तेलुगूत घातली. दुकानदार कुरकुरला, पण त्यानं बाटल्या ठेवल्या. शाहीन माझ्याशी दहावी संपेपर्यंत बोलली नाही. नानी आणखी चार वर्षं जगल्या. आईनं मला शिक्षा केली नाही. फक्त त्या दिवसापासून ती माझी प्रत्येक वही तपासायला लागली, ओळ न् ओळ, लाल पेन घेऊन, जेवणं झाल्यावर माझ्या शेजारी बसून. मला हवं होतं ते तिचं लक्ष असं मिळालं. मला ते गोड लागलं आणि लाजही वाटली, दोन्ही एकदम.

आता आई सत्तरीपुढे आहे आणि माझ्याजवळ राहते. शाहीन एका खाद्यपदार्थांच्या प्रयोगशाळेत मोठ्या जागेवर आहे, जिथे आईला जायचं होतं तशा ठिकाणी. ईदनंतर आणि शिक्षकदिनाला ती न चुकता येते. आम्ही दोघी एकमेकींना नीट वागवतो, मैत्रिणी कधी झालो नाही. गेल्या खेपेला ती आली तेव्हा आई सकाळपासून चांगली साडी नेसून बसली होती. मी चहा करत होते. बाहेर त्या दोघी साखरेऐवजी घालायच्या कुठल्याशा नव्या पावडरीबद्दल बोलत होत्या, ती लेबलावर कशी लिहितात याबद्दल, आणि आईचा आवाज तरुण झाला होता.  हा हेवा जाईल, असं मी किती वर्षं म्हणत आले, पण तो गेलेला नाही. चहा गाळून झाला तरी मी ओट्याशी उगाच उभी राहिले, बशा पुसत. मग ट्रे उचलला, बाहेर नेला, स्वयंपाकघरातलं स्टूल आणलं आणि त्या दोघींच्या जवळ मांडून बसले. “मला पण सांगा,” मी म्हणाले. शाहीन थोडी सरकली, आणि तिनं पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.